हॉलमधली ओली साडी

मी रिटायर झाले तेव्हा शाळेच्या ऑफिसातल्या लोकांनी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. शाल पुढच्याच महिन्यात दुसऱ्या कुणाच्या तरी निरोप समारंभाला गेली, श्रीफळाच्या वड्या झाल्या आणि घड्याळ घरातलं चौथं म्हणून कपाटावर जाऊन बसलं. पण फीच्या खिडकीवर बसणाऱ्या मुलीने सगळे पांगल्यावर मला बाजूला घेतलं आणि एक कुंडी हातात दिली. ऑर्किड! लांब दांड्यावर ओळीने नऊ जांभळी फुलं. "मॅडम, हे फक्त तुमचं हं. कुणाला देऊन टाकायचं नाही," ती म्हणाली. बत्तीस वर्षं नोकरी आणि तेवढाच संसार झाल्यावर 'फक्त तुमचं' असं काही हातात पडलं ना, की बाई खुळावते. मी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षाने वर्तकनगरला आले आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजली तर फुलं आठच.

नववं फूल देवघरात बाळकृष्णाच्या डोक्यावर होतं. बाळकृष्ण अंगठ्याएवढा, फूल माझ्या पंजाएवढं. देव दिसतच नव्हता. सासूबाई शांतपणे जप करत होत्या. मी त्यांना आई म्हणते. तेव्हा मात्र जरा वरच्या पट्टीत म्हणाले, "आई! हे काय केलंत?"

"पहिलं फूल देवाचं. त्यात विचारायचं काय?"

त्यांचं खरंच तसं होतं. फूल दिसलं की ते देवाचं. सोसायटीच्या कंपाउंडातली जास्वंद त्या वाकवलेल्या तारेने रोज सकाळी खाली ओढायच्या. सेक्रेटरीने 'फुले तोडू नयेत' अशी पाटी लावली, ती सगळ्यांनी वाचली. आई फुलं तोडायला जाताना चष्मा घरी ठेवून जायच्या. पण ऑर्किडचं फूल झाडावर राहिलं तर तीन महिने टिकतं आणि तोडून देवाला वाहिलं तर त्याच संध्याकाळी निर्माल्यात जातं. मी आकांडतांडव केलं. नवऱ्याने पेपर तोंडासमोर धरला. शेवटी आई म्हणाल्या, "बरं बाई, तुझं फूल तुला," आणि आठ फुलं वाचली.

ती यथावकाश गळली. दांडा वाळला. पुढची दोन वर्षं त्या झाडाने काडीचं काम केलं नाही. पाच जाडजूड पानं घेऊन ते बसून राहिलं. लोक म्हणायचे, टाक आता. मी कसली टाकतेय!

ते कुठे बसलं होतं, ते नीट सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथेच झालं. आमच्या इमारतीतल्या बहुतेकांनी गॅलरी आत घेतली आहे, तशी आम्हीही घेतली. त्यामुळे हॉल मोठा झाला, पण गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दांड्याही हॉलमध्ये आल्या. मी वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा बाकीचे कपडे मागच्या खोलीतल्या स्टँडवर गेले. दांड्यांवर एकच गोष्ट उरली. आईंची नऊवारी.

आईंचं माहेर वाईकडचं, वय ब्याऐंशी. आयुष्यभर सुती नऊवारी, आणि ती स्वतःच्या हाताने धुणार. मशीनमध्ये टाकू द्यायच्या नाहीत. म्हणे मशीन पिळून पिळून सूत मारतं. पण त्यांच्या मनगटात आता जोर उरला नव्हता. पिळायच्या म्हणजे साडीला नुसतं कुरवाळायच्या. मग काठीने ती दोन दांड्यांवर चढवायच्या, आणि नऊ वार ओलं कापड आमच्या हॉलमध्ये संध्याकाळपर्यंत टप टप गळत राहायचं. खाली ऑर्किड, कारण हॉलमध्ये उजेड तेवढ्याच जागी. साडीच्या दोन पदरांमध्ये ते बाळंतिणीच्या खोलीत असल्यासारखं झाकलेलं असायचं. मला ती साडी डोक्यात जायची. टीव्ही अर्धा दिसायचा. फरशीवर पांढरे डाग पडायचे, ते घासून घासून माझे खांदे भरून यायचे.

यंदा जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, पानाच्या बेचक्यातून हिरवं टोक बाहेर आलं. मला आधी मूळ वाटलं. मग ते वर वळलं. दांडा! पुढच्या काही आठवड्यांत त्यावर सात कळ्या धरल्या. मी रोज मोजायचे. नवरा म्हणाला, "तू मुलाच्या दहावीच्या मार्कांना एवढी हरखली नव्हतीस." मार्कही तसेच होते.

आता एवढं झाल्यावर कुणाला तरी दाखवायला नको? मी ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणींना आणि आमच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना चहाला बोलावलं. आईंना आदल्या दिवशी सांगितलं होतं, उद्या साडी मागच्या खोलीत घाला. त्या हो म्हणाल्या आणि विसरल्या. किंवा विसरल्या नसतील. बाई आल्या, कौतुकाने साडी बाजूला सारून कळ्यांवर वाकल्या, आणि वरून एक थेंब त्यांच्या मानेवर पडला. दुसरा त्यांच्या चहात. बाईंनी तो चहा प्यायला हो! शिस्तीच्या बाई. कपात काही सोडायचं नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं.

पाहुणे गेल्यावर माझा पारा चढला. मी म्हणाले, "आई, हे घर आहे की धोबीघाट? मशीन आहे, स्टँड आहे, मागे अख्खी खोली आहे. तुम्हाला आमच्या डोक्यावरच गळायचं असतं का?"

शेवटचं वाक्य तोंडातून निघालं आणि मला कळलं की हे जास्त झालं. पण निघालेलं परत कुठे घेता येतं? आईंनी ओली साडी दांडीवरून काढली, बादलीत घातली आणि मागे घेऊन गेल्या. चार दिवसांनी धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या दिराला, फोन करून म्हणाल्या, "आठ दिवस येऊन जाते डोंबिवलीला." पिशवीत दोन साड्या, जपाची माळ आणि बाळकृष्ण. बाळकृष्ण घेतला तेव्हाच मला समजायला हवं होतं. आठ दिवसांसाठी कुणी देव नेत नाही.

खरं सांगते, पहिले चार दिवस मी सुखात होते. हॉल काय मोकळा दिसत होता! टीव्ही पूर्ण दिसत होता. फरशी कोरडी. मी दांड्या वर ओढून गाठ मारून टाकली.

पाचव्या दिवशी पहिली कळी पिवळी पडली. सहाव्या दिवशी ती कुंडीत पडलेली होती. सातातल्या सहा राहिल्या.

मी तशीच उठून कोलशेतच्या नर्सरीत गेले. तिथल्या माणसाने फोनमधला फोटो मोठा करून पाहिला. "मॅडम, पाणी नाय, हवा. हवेत ओल नाय तुमच्या. हे जंगलातलं आयटम आहे, झाडाच्या फांदीवर राहतं. थंडी गेली, वारा सुका झाला, वरून तुम्ही पंखा मारत असाल फुल्ल. कळी सुकणारच."

"पण जानेवारीत तर चांगलं होतं!"

"मग तेव्हा काय करत होता ते करा ना," तो म्हणाला. मी म्हटलं, काहीच करत नव्हते. आणि तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

नवऱ्याने ऑनलाइन हायग्रोमीटर मागवला, म्हणजे हवेतली ओल मोजायचं यंत्र. हवा बरी असली की त्याच्या पडद्यावर हसरा चेहरा येतो, कोरडी असली की रडका. आमच्याकडे आल्या दिवसापासून तो रडत होता. चौतीस टक्के. येता-जाता त्याचं ते तोंड बघून माझं डोकं फिरायचं. झाडाला पन्नासच्या वर हवं होतं.

मग मी उद्योगाला लागले. एका मोठ्या ताटात गोटे पसरले, पाणी घातलं आणि त्यावर कुंडी ठेवली. छत्तीस टक्के झाले. मी पाणी वाढवलं. आठवड्याभराने डास तपासणारे लोक घरोघरी आले. फ्रिजमागचा ट्रे बघितला, कुलर आहे का विचारलं, आणि मग त्यांच्यातल्या बाईंनी माझ्या ताटात टॉर्च मारला. "काकी, अळ्या आहेत की ह्याच्यात!" होत्या. चांगल्या वळवळत होत्या. मी म्हटलं, "अहो, हे आर्द्रतेसाठी आहे." त्या म्हणाल्या, "डासांनापण तेच आवडतं." ताट त्यांनी माझ्यासमोर मोरीत पालथं केलं, आणि त्यांनी पुढे केलेल्या वहीत मला सही करावी लागली. सोसायटीत दोन तासांत पसरलं की चौथ्या मजल्यावरच्या काकी डास पाळतात.

तोवर कळ्या चार राहिल्या होत्या.

फवारा मारून पाहिला. दर अर्ध्या तासाने मारायचं म्हणजे बाईने आंघोळसुद्धा करायची नाही. आंघोळीवरूनच आठवलं, बाथरूममध्ये वाफ असते! मग मी नवऱ्याला गरम पाण्याची बादली आणि ऑर्किड असं दोन्ही घेऊन आत पाठवायला सुरुवात केली. "सावकाश करा," मी बाहेरून सांगायचे, "आणि साबणाचा फेस त्याच्यावर उडवू नका." एकसष्ट वर्षांचा माणूस तीन दिवस मुकाट्याने झाडासोबत आंघोळ करत होता. चौथ्या दिवशी तो टॉवेल गुंडाळून बाहेर आला, तळहातावर एक कळी. "मी काही केलं नाही," तो म्हणाला, "मी नुसतं डोकं पुसलं." मी त्याला नाही नाही ते बोलले. त्याचीही कमाल, तो म्हणाला, "आता मीपण डोंबिवलीला जाऊ का?"

ते मला लागलं. मी फडकं घेतलं आणि हॉलची फरशी पुसायला बसले. राग आला की मी फरशी पुसते. दांडीखाली ते जुने पांढरे डाग होते. इतके दिवस घासूनही न गेलेले, एका ओळीत, गोल गोल. आणि त्यांच्या बरोब्बर मधे, कुंडी ठेवायची तिथे, एक स्वच्छ गोल.

मी मान वर केली. वर रिकाम्या दांड्या.

अगं बाई!

दोन वर्षं रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या झाडावर नऊ वार ओली साडी होती. पंख्याचा वारा अडवत होती, पश्चिमेचं ऊन अडवत होती, हवा ओली ठेवत होती. मी झाडाला कधी तरी कपभर पाणी घालून स्वतःला माळीणबाई समजत होते. आणि ज्यांनी ते जगवलं, त्यांना मी धोबीघाट म्हणाले होते.

तरी माझा हट्ट बघा. लगेच फोन केला का? नाही. म्हटलं, ओलं कापडच हवं ना, मग घरात कापडाला काय तोटा. मशीनमधली चादर काढून दांडीवर घातली. ती तासाभरात वाळली. मग दुसरी चादर हाताने धुतली. पण मी पिळते ती जन्माचं वैर असल्यासारखी. एक थेंब गळेल तर शपथ. न पिळता घातली तर हॉलमध्ये तळं झालं आणि खालच्या मजल्यावरून बेल वाजली. सगळ्या खटाटोपाचे एकोणचाळीस टक्के, आणि तेही जेवायच्या वेळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी अजून एक कळी गेली. आता दोन.

डोंबिवलीला रोज फोन होतच होता, नवऱ्याचा. मी मागून "आईंना नमस्कार सांगा" म्हणायचे. त्या मागून "तिलाही सांग" म्हणायच्या. पाच आठवडे हा नमस्कारांचा व्यवहार चालला होता. त्या दुपारी मी नवऱ्याला म्हणाले, "गाडी काढा."

कळवा मागे टाकून शिळफाट्याला लागलो आणि अडकलो. नेहमीचंच. मी वाटभर वाक्य जुळवत होते. 'आई, झालं गेलं विसरा.' छे, हे सीरियलमधलं. 'आई, तुमच्याशिवाय घर सुनं वाटतं.' हे त्यांना पटलंच नसतं, मीच असताना घर सुनं कसं वाटेल? नवरा गिअर बदलत म्हणाला, "सरळ सॉरी म्हण ना." पुरुषांना सगळं सोपं वाटतं.

दीर-जावेचा फ्लॅट नवा, चकचकीत. दांडी नाही, दोरी नाही. आई सोफ्याच्या टोकाला दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अंगावर त्यांची नेहमीची निळी नऊवारी, पण कशी? कडक कोरडी, घडी मोडलेली नाही. धाकटी जाऊ कौतुकाने म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे ड्रायर आहे. आईंना हात लावू देत नाही मी कशाला. साडी गरमागरम बाहेर येते." बिचारी मनापासून करत होती. आईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तळव्यांवर नेहमी पाण्याच्या सुरकुत्या असायच्या, त्या गेल्या होत्या.

जाऊ सरबत करायला आत गेली. मी जुळवलेली सगळी वाक्यं विसरले.

"आई, मला तुमची एक साडी हवी होती."

"नेसायला?"

"नाही. झाडाला."

मग मी सगळं सांगितलं. सात कळ्या, रडका चेहरा, अळ्या, आंघोळ. आंघोळीचं ऐकून त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! इतक्या हसल्या की जाऊ सरबताचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

"साडी नेऊन काय करशील?" हसू आवरल्यावर त्या म्हणाल्या. "तू पिळशील ती कडकडीत. तुझ्या हाताने ती तशी गळायची नाही."

"म्हणूनच म्हणते," मी म्हणाले, "हातही पाहिजेत." आणि मग एका दमात म्हणून टाकलं, "धोबीघाट म्हणाले ते चुकलं माझं. मला नव्हतं म्हणायचं तसं."

"मी कुठे काय म्हणाले?"

"तेच तर! तुम्हीपण दोन शब्द सुनवायचे होते ना मला!"

"आता सुनवेन," आई म्हणाल्या आणि उठल्या. "आधी पिशवी भरू दे."

परत येताना शिळफाट्याला तासभर अडकलो, आणि त्यांनी सुनवलं. तासभर. चौतीस वर्षांतलं काय काय त्यांच्या लक्षात होतं ते ऐकून मी गार पडले. नवरा सिग्नलकडे बघत गाडी चालवत होता. वर्तकनगर आलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं, आणि त्यांना बहुतेक भूक लागली होती.

घरी आलो तर एकच कळी उरली होती. दुसरी आम्ही वाटेत असताना पडली असणार. मी रडकुंडीला आले. आई म्हणाल्या, "एक आहे ना? मग?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साडी धुतली, कुरवाळली आणि काठीने दांडीवर चढवली. टप. टप. दुपारपर्यंत हायग्रोमीटरवर अठ्ठावन्न आणि महिन्याभराने पहिल्यांदा हसरा चेहरा. नवऱ्याने त्या चेहऱ्याचा फोटो काढला. मी फरशीवरच्या डागांना हात लावला नाही.

कळी फुगत गेली. आणि मला एकदम आठवलं. पहिलं फूल देवाचं! या वेळी पहिलं आणि शेवटचं एकच होतं. आईंना सांगायला तोंड उघडायचे आणि मिटायचे. आत्ता कुठे त्यांना आणलंय, आता परत फुलावरून तेच सुरू करू? रोज सकाळी डोळे उघडले की आधी कान हॉलकडे.

एका सकाळी मी स्वयंपाकघरात येऊन चहा ठेवला आणि वळून पाहिलं. देवघरापुढे आई नव्हत्या. ताम्हण जागेवर नव्हतं. बाळकृष्णाची जागा रिकामी. आणि घंटा वाजली ती हॉलमधून.

"आई! हात लावू नका!" मी ओरडत पळाले.

आई कुंडीसमोर पाट टाकून बसल्या होत्या. वर ओली साडी. दांड्यावर फूल उमललेलं, जांभळं, माझ्या पंजाएवढं, जिथल्या तिथे. आणि खाली कुंडीत मातीऐवजी असलेल्या सालींच्या तुकड्यांवर, दोन जाड पानांच्या मधे, आमचा अंगठ्याएवढा बाळकृष्ण रांगत होता. कपाळावर गंध. साडीतून थेंब सुटला आणि नेमका त्याच्या डोक्यावर पडला.

"ओरडतेस काय सकाळी सकाळी," आई म्हणाल्या. "तुझं फूल तोडायचं नाही ना? म्हणून देवालाच इकडे आणलं. अभिषेकही परस्पर होतोय."

मी तिथेच फरशीवर बसले आणि मला रडूच कोसळलं. आत चहा उतू गेल्याचा वास आला तरी उठवेना. आईंनी घंटा खाली ठेवली आणि ओल्या हाताने माझ्या पाठीवर थोपटलं.

"पुरे गं," त्या म्हणाल्या, "झाडाला साडी पुरते."